देह हजर करा

शीळफाटा बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा वाहतूककोंडीमुळे. एप्रिल २०१३ मध्ये तो वेगळ्या कारणाने आला होता. लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. एरवी ही जागा म्हणजे कुठेतरी पोचण्याआधी अडकून पडायचं ठिकाण. मी कल्याण-शीळ रस्त्यालगत राहतो, त्यामुळे अडकून पडण्याचा अनुभव भरपूर आहे. कल्याण-डोंबिवलीकडून फाट्यावर आलं की उजवीकडचा रस्ता कौसा-मुंब्र्याला जातो, डावीकडचा तळोज्यावरून पनवेलला, आणि सरळ गेलं तर महापे. यातले उजवा आणि डावा हे दोन रस्ते माझ्या डोक्यात एका विषयाने जोडले गेले आहेत. विषय सुखाचा नाही. सरकारच्या ताब्यात गेलेल्या माणसाचं काय होतं, आणि बाहेर राहिलेली माणसं त्याबद्दल काय करू शकतात, हा तो विषय.

सुरुवात एका शब्दापासून करू. हेबियस कॉर्पस. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत त्याला 'देहोपस्थिती' म्हटलं आहे. साध्या मराठीत सांगायचं तर 'देह हजर करा'. माणूस निर्दोष आहे, त्याला सोडा, असं हा अर्ज म्हणत नाही. त्याची मागणी फार लहान आहे. तुम्ही ज्याला नेलंत तो कुठे आहे ते दाखवा, आणि कोणत्या अधिकाराने नेलंत ते सांगा. कलम २२ नुसार अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. गुप्त कोठडी म्हटलं की आपल्याला ग्वांतानामोसारखा समुद्रापलीकडचा तुरुंग आठवतो. आपल्याकडे तेवढा खर्च करायची गरज पडत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली नाही की कुठलीही खोली गुप्त कोठडी होते. मारहाणही बहुधा त्याच कोऱ्या जागेत होते, कारण जो माणूस कागदावर आलेलाच नाही त्याच्या अंगावरच्या जखमांचा हिशेब कुणी मागू शकत नाही.

आणीबाणीत हा अर्जच बंद पडला. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. त्याच सुमारास, मार्च १९७६ मध्ये, केरळात पी. राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी कॉलेजच्या वसतिगृहातून उचललं होतं. त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, वर्षभर मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. आणीबाणी उठल्याबरोबर त्यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला: माझा मुलगा हजर करा. मुलगा कधीच हजर झाला नाही, मृतदेहही मिळाला नाही. पण त्या एका अर्जाने एप्रिल १९७७ मध्ये मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला ब्युनोस आयर्समध्ये, प्लाझा द मायो या चौकात, काही आया पहिल्यांदा एकत्र आल्या. लष्करी राजवटीने त्यांची मुलं उचलली होती. त्यांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज न्यायालयांतून रिकाम्या हाती परत येत होते. कागदावर दाद लागेना तेव्हा त्या तोच अर्ज घेऊन चौकात फिरू लागल्या. पुढे डोक्याला पांढरे रुमाल बांधून. सप्टेंबर १९८३ मध्ये तिथल्या तीन कलावंतांनी आयांच्या साथीने एक कल्पना राबवली. लोकांनी चौकातच मोठ्या कागदांवर आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्यांच्या शरीराची बाह्यरेषा काढायची, आणि ते माणसाच्या मापाचे कागद शहराच्या भिंतींवर उभे चिकटवायचे. नाहीशा झालेल्या प्रत्येकाला निदान एक देह मिळावा म्हणून. आकृत्या निनावी ठेवायचं ठरलं होतं. लोकांनी त्यांवर नावं आणि नाहीसं झाल्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. कलावंताला प्रतीक पुरतं, घरच्यांना नोंद हवी असते.

आता महाराष्ट्र. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात पोलिसांनी परभणीच्या ख्वाजा युनूसला पकडलं. वय २७, शिक्षणाने इंजिनिअर, दुबईला नोकरी. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की तपासासाठी औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो पळून गेला. त्याच्या सहआरोपीने मात्र न्यायालयात वेगळं सांगितलं: कोठडीत युनूसला पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं. घरच्यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. सीआयडीने तपास करून चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती चौघांपुरती. जून २००५ मध्ये घाटकोपर स्फोटाच्या पोटा खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. युनूस असता तर कदाचित त्यांच्याबरोबर घरी गेला असता. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला एकूण २० लाख रुपये भरपाई ठरवली. चौघांवरचा खटला उभा राहायला २०१८ उजाडलं. त्यांतले सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. देह आजपर्यंत मिळालेला नाही.

या लढ्याची मोर्चे आणि घोषणांची बाजू लोकांना थोडीफार आठवते. पण आसिया बेगम यांचं मुख्य आंदोलन कागदावरच चाललं: अर्ज, अपील, पुन्हा अर्ज. परभणीहून मुंबईला केलेल्या खेपा धरल्या तर प्लाझा द मायोतल्या फेऱ्यांपेक्षा ते वेगळं नाही.

फाट्यावरून उजवीकडचा रस्ता मुंब्र्याला जातो. तिथली १९ वर्षांची इशरत जहाँ १५ जून २००४ रोजी अहमदाबादजवळ तीन पुरुषांबरोबर पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. गुजरात पोलिसांनी चौघांना लष्कर-ए-तोयबाचे अतिरेकी म्हटलं. मुंब्र्यात तिच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. आई शमीमा कौसर न्यायालयात गेल्या. २००९ मध्ये दंडाधिकारी तमांग यांनी, २०११ मध्ये विशेष तपास पथकाने चकमक बनावट ठरवली. जुलै २०१३ मध्ये सीबीआयने आरोपपत्रात म्हटलं की मारण्याआधी या लोकांना उचलून बेकायदा ताब्यात, फार्महाऊससारख्या जागी ठेवलं होतं. आरोपी अधिकाऱ्यांनी हे नाकारलं. सरकारने खटल्याची परवानगी दिली नाही आणि २०२१ पर्यंत एकेक करून हयात असलेले सगळे आरोपमुक्त झाले.

'ती अतिरेकी होती की नव्हती?' या प्रश्नावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. मार्च २०२१ च्या आदेशात विशेष न्यायालयाने, ते अतिरेकी नव्हते असं दाखवणारं काही समोर नाही, असंही म्हटलं. पण देहोपस्थितीचा अर्ज या भांडणात पडतच नाही. समजा, आरोप खरा होता. तरी २४ तासांचा नियम तिलाही लागू होता. आरोप खरा असणाऱ्यांसाठीच तर तो नियम लिहिला आहे. बाकीच्यांना कोण कशाला धरून नेईल? ऑक्टोबर २०१९ मध्ये शमीमा कौसर यांनी न्यायालयाला पत्र लिहून कळवलं की आपण थकलो, आता या कामकाजात भाग घेणार नाही. पंधरा वर्षांच्या कागदपत्रांतला हा शेवटचा कागदही अर्जच होता.

डावीकडच्या रस्त्यावर तळोजा कारागृह लागतं. भीमा-कोरेगाव प्रकरणातले अरुण फरेरा इथे होते. त्याआधी २००७ मध्ये त्यांना नागपुरात अटक झाली होती. पुढे २०११ मध्ये तुरुंगाच्या दारातूनच साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी त्यांना पुन्हा उचललं. ते सगळे खटले शेवटी टिकले नाहीत. २०१४ च्या 'कलर्स ऑफ द केज' या पुस्तकात त्यांनी कोठडीतल्या छळाचे प्रकार स्वतः रेखाटले आहेत. ती चित्रं आकर्षक नाहीत, यंत्र कसं चालतं हे दाखवणाऱ्या आकृतीसारखी आहेत. वैद्यकीय तपासणीत जे लिहिलं जात नाही ते त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं.

याच तळोज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये कंपवात असलेल्या फादर स्टॅन स्वामींनी पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस घेतले. तेवढ्यात देशभरातून लोकांनी त्यांच्या नावाने सिपर पाठवायला सुरुवात केली. घोषणा नाही, मोर्चा नाही, प्लास्टिकचा एक पेला. या आतल्या माणसाला देह आहे, त्या देहाचे हात थरथरतात, त्याला तहान लागते, एवढंच त्या पार्सलमध्ये लिहिलेलं होतं. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना ते गेले.

कागदी आकृती, रेखाटन, सिपर: मला ही सगळी एकाच अर्जाची रूपं वाटतात. न्यायालयाने तो फेटाळला, लांबवला, की लोक तो दुसऱ्या साहित्यातून पुन्हा लिहितात. आरोपींना शिक्षा होण्याच्या दृष्टीने बघितलं तर वरची प्रकरणं हरलेलीच दिसतात. पण कायद्यात जे थोडं बदललं तेही अशा कागदांमुळेच. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदा-साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीमृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र पाठवलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे अकरा नियम घालून दिले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. छळ रोखण्याचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून बाद झालं. म्हणून आजही आपल्या हातात मुख्यतः ते अकरा नियम आहेत.

त्यांतला एक नियम अटकेच्या कागदाबद्दल आहे. त्यावर तारीख आणि वेळ हवी, आणि निदान एका साक्षीदाराची सही हवी. हा साक्षीदार घरचा माणूस असू शकतो, किंवा त्या वस्तीतला कुणीही प्रतिष्ठित माणूस. म्हणजे शेजारचा दुकानदार, शाळेतल्या बाई, सोसायटीचा सेक्रेटरी. रात्री आपल्या मजल्यावर पोलीस येतात आणि शेजारच्या पोराला नेतात तेव्हा आपण दार आतून लावून घेतो. त्या वेळी बाहेर येऊन कुठे नेताय, कागद कुठे आहे, किती वाजले, एवढं विचारलं आणि सही केली, तर त्या पोराची डायरीत नोंद होण्याची शक्यता वाढते. आसिया बेगमना वर्षानुवर्षं ज्यासाठी झगडावं लागलं, ते काम त्या रात्री पाच मिनिटांचं असतं.