कोर्लई: स्पेनच्या राजाच्या नावाने जिंकलेला कोकणचा किल्ला

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी ज्या ठिकाणी अरबी समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या उत्तर काठावर रेवदंडा आणि दक्षिण काठावर कोर्लई आहे. कोर्लईच्या बाजूने एक लांबट, अरुंद डोंगर थेट पाण्यात घुसला आहे. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आणि खाडी आहे, चौथ्या बाजूला तो जमिनीला चिकटला आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत या डोंगराला ‘मोरो’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ टेकडी एवढाच. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या टेकडीच्या पायथ्याशी येऊनच वळावे लागे. टेकडीवर ज्याची तोफ, त्याचे बंदर, हे सांगायला कोणा लष्करी तज्ज्ञाची गरज नव्हती.

हे बंदर म्हणजे चौल, आणि ते किल्ल्यापेक्षा फार जुने. चौल हे नाव ग्रीक भूगोलकारांच्या लेखनात ‘सेमुल्ला’ असे येते, अरब प्रवाशांच्या लेखनात ‘सैमूर’ असे येते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायच्या आशेने चौलला उतरला आणि पायी चालत घाटावर चढून जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तिथेच काढला. चौल ते जुन्नर ही वाट समजली की पुढचा इतिहास सोपा होतो. १४९० मध्ये अहमद निजामशहाने स्वतंत्र सत्ता उभी केली ती जुन्नरला, नंतर राजधानी अहमदनगरला गेली. या राज्याला अरबी घोडे, तांबे, रेशीम पुरवणारे दार चौल हेच होते. म्हणजे आज ज्या भागाला पुणे आणि नगर जिल्हे म्हणतात, त्या भागाचे समुद्राकडचे तोंड चौलला होते. मुंबई तेव्हा खिजगणतीतही नव्हती.

पोर्तुगीज आले ते याच व्यापाराच्या वासाने. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीज जहाजांवर हल्ला केला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लॉरेन्सो या लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी बापाने दीवला त्याचा सूड उगवला. १५१६ मध्ये चौलला पोर्तुगीजांची वखार निघाली, १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम सुरू झाले. निजामशहाला घोडे हवे होते आणि घोड्यांची वाहतूक पोर्तुगीजांच्या हातात गेली होती. परवानगीमागचे गणित इतके साधे होते. हा किल्ला उत्तर काठावरच्या रेवदंड्याचा. मराठी कागदांत त्याला आगरकोट म्हणतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये त्याचा तट आजही उभा आहे, आणि गावाचा रस्ता त्या तटातूनच आत-बाहेर जातो.

समोरची टेकडी कोणी बांधायची हा वाद मात्र मिटला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांनी मोरोवर तटबंदीची परवानगी मागितली. निजामशहाने ती नाकारली आणि स्वतःच तेथे किल्ला बांधायची तयारी चालवली. तडजोड अशी झाली की टेकडी कोणीच बांधायची नाही. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरचा आदिलशहा गोव्यावर चालून गेला. दोघांनी ठरवून केलेली ही चढाई होती. महिनोन्महिने वेढा चालला, पण समुद्राकडची बाजू मोकळी राहिल्याने गोव्याहून माणसे आणि दारूगोळा येत राहिला. १५७१ मध्ये तह झाला. निजामशाहीच्या सरदारांना पोर्तुगीजांनी भेटी देऊन, त्यातही दारूचे नजराणे देऊन, आपलेसे केले होते, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. पराभवाचे खापर दारूवर फोडणे इतिहासकाराला सोयीचे असते; बंदराचे तोंड बंद न करता बंदराला वेढा घालणे हे खरे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

ज्या वर्षी हा वेढा उठला, त्याच वर्षी स्पॅनिशांनी फिलिपिन्समध्ये मनिला शहर वसवले. स्पेनचे किल्ले म्हणजे मनिला, हवाना, सान हुआन. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर स्पेनने स्वतःचा एकही किल्ला बांधला नाही. तरीही साठ वर्षे कोकणातल्या पोर्तुगीज किल्ल्यांचा धनी स्पेनचाच राजा होता. ४ ऑगस्ट १५७८ रोजी पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोतल्या अल्कासर किबिरच्या रणांगणावर मारला गेला. त्याला मूल नव्हते. गादीवर आलेला म्हातारा कार्डिनल हेन्री १५८० मध्ये वारला, आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने वारसाहक्क सांगत सैन्यासह पोर्तुगाल ताब्यात घेतले. १५८१ मध्ये तोमार येथील सभेत त्याने वचन दिले की पोर्तुगालचा कारभार, भाषा आणि अंमलदार पोर्तुगीजच राहतील. त्यामुळे गोवा, वसई, चौल येथे माद्रिदहून सुभेदार आले नाहीत. मुकुट एक, कारभार दोन, अशी ही व्यवस्था १ डिसेंबर १६४० पर्यंत टिकली.

ती निव्वळ कागदी होती असे मात्र नाही. स्पेनशी वैर असलेले डच आणि इंग्रज आता पोर्तुगीजांचेही शत्रू झाले. १६२२ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातले होर्मुझ गेले ते इराणी आणि इंग्रजांच्या संयुक्त माऱ्यापुढे, आणि चौलचा घोड्यांचा व्यापार मुख्यतः होर्मुझवर अवलंबून होता. माणसांच्या आयुष्यातही या जोडणीचे धागे दिसतात. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया व्यापाराच्या निमित्ताने पूर्वेकडे गेला, मनिलाला स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, त्यांचा दुभाषा म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले.

कोर्लईचा किल्ला याच साठ वर्षांतला. १५९१ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला. अकबराच्या आश्रयाला राहून आलेला हा राजा पोर्तुगीजांना हुसकावायला उतावीळ होता. त्याने जुना करार बाजूला ठेवून मोरोवर तटबंदी उभारली आणि रेवदंड्यावर तोफा रोखल्या. वीस वर्षांपूर्वीची चूक या वेळी सुधारली होती: आता बंदराचे तोंडच दाबले गेले. पोर्तुगीजांना वसई आणि इतर ठाण्यांमधून कुमक गोळा करणे भाग पडले. सप्टेंबर १५९४ मध्ये त्यांनी टेकडीवर हल्ला केला. त्यांच्या वृत्तांतांनुसार हल्ला करणारे सुमारे ३००० होते, त्यात निम्मे पोर्तुगीज आणि निम्मे स्थानिक शिपाई. किल्ला पडला, निजामशाही सेनापती फर्हादखान त्यांच्या हाती सापडला. मृतांचे आकडे प्रत्येक लेखक आपापल्या सोयीने देतो, तेव्हा ते येथे सोडून दिलेले बरे. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, मोगल फौजा अहमदनगरच्या वेशीवर आल्या आणि चांदबिबीला राजधानीच वाचवायची पाळी आली. मोरो परत घ्यायला निजामशाहीत कोणी उरले नाही.

आज दिसणारा किल्ला एका दमात बांधलेला नाही. निजामशाही बांधकामातला काही भाग पोर्तुगीजांनी पाडला, काही ठेवला, आणि पुढच्या अर्धशतकात भर घातली. एका शिलालेखावर १६४६ हे साल आणि व्हाइसरॉय फिलिप मस्करेन्हास याचे नाव आहे. तोवर लिस्बनला पुन्हा पोर्तुगीज राजा बसला होता. म्हणजे किल्ला स्पेनच्या राजाच्या नावाने जिंकला गेला आणि त्याचा बालेकिल्ला पूर्ण झाला तो स्पेनपासून सुटल्यावर.

डोंगराच्या आकारामुळे किल्ल्याची रचनाही लांबट आहे. लांबी सुमारे २८०० फूट, सरासरी रुंदी अवघी ९० फुटांच्या आसपास. ही रुंदी कागदावर समजत नाही. माथ्यावर उभे राहिले की एका हाताला खाडीतली मासेमारीची होडकी आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र एकाच नजरेत दिसतो. एवढ्या चिंचोळ्या जागेत आडव्या भिंती घालून किल्ल्याचे कप्पे पाडले आहेत, एकामागून एक दरवाजे येतात. एक कप्पा पडला तरी पुढचा लढवता यावा, हा हेतू. एका दरवाजावर, लढल्याखेरीज येथून पुढे जाता येणार नाही, अशा आशयाचा पोर्तुगीज मजकूर कोरलेला होता. बुरुजांना संतांची नावे दिली होती. माथ्यावर छप्पर उडालेले चर्च आहे, पावसाचे पाणी साठवणारे टाके आहे, महादेवाचे लहानसे देऊळ आहे आणि गवतात पडलेल्या गंजक्या तोफा आहेत. टोकाला उतरत जाणारा तट थेट लाटांपर्यंत पोहोचतो. तिथला बुरूज पाण्याच्या पातळीवर मारा करण्यासाठी होता. उंचावरची तोफ जवळ आलेल्या जहाजाच्या डोक्यावरून गोळा फेकते, म्हणून वर एक आणि खाली एक अशी ही दुहेरी सोय.

हे बंदर मराठ्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. १६८३ च्या पावसाळ्यात संभाजीराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने उत्तरेकडचा ताण कमी करण्यासाठी गोव्याजवळच्या मराठ्यांच्या फोंडा किल्ल्यावर स्वारी केली, ती त्याच्यावरच उलटली आणि गोव्याचा जीव टांगणीला लागला. चौल मात्र पडले नाही. पुढची पन्नास वर्षे पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत मिठागरे, भातशेती आणि नारळाच्या उत्पन्नावर तगला, पण त्याची ताकद ओसरत गेली.

निकाल लागला तो पुण्याहून. १७३७ मध्ये पेशवा बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा याने ठाणे घेतले, मे १७३९ मध्ये वसई घेतली. वसईचा वेढा चालू असतानाच कोकणातल्या उरलेल्या ठाण्यांवर तुकड्या पाठवल्या गेल्या होत्या. कोर्लईची कामगिरी सुभानराव माणकराकडे होती. वसई पडल्यावर चौलमध्ये तग धरण्यात अर्थ नव्हता. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारला, तरी वाटाघाटी थांबल्या नाहीत. मुंबईच्या इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड मध्यस्थ होता. त्या वर्षीच्या तहाने मराठ्यांनी गोव्यातली साष्टी आणि बारदेश मोकळे करायचे आणि पोर्तुगीजांनी चौल व कोर्लई सोडायचे असे ठरले. मोरो लढाईने नव्हे, तहाने हस्तांतरित झाला. दरवाजावरच्या त्या मजकुराचे मोल त्या दिवशी शून्य ठरले. मराठ्यांनी बुरुजांची नावे बदलली. एका संताच्या जागी गणेश बुरूज आला. चिमाजीअप्पा त्याच वर्षी १७ डिसेंबरला वारला, त्याची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे.

या मोहिमेच्या खुणा देशावर पसरल्या. पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवर नसरापूरजवळ बनेश्वराचे देऊळ आहे. ते १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्याने बांधले. त्याच्या मंडपातल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल उठवलेले आहे. ही वसई मोहिमेतली चर्चची घंटा. ज्या साली संभाजीराजांनी चौलला वेढा घातला, त्याच साली ती ओतली गेली, हा योगायोगच. पोर्तुगीजही पुण्याला परके राहिले नाहीत. पेशव्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावाने १७९२ मध्ये जागा दिली, तेथे नाना पेठेतले सिटी चर्च उभे आहे.

कोर्लईचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि लष्करी उपयोग संपल्याने ओस पडला. पुण्याच्या प्रवाशाला तो ताम्हिणी घाटाने कोलाड-रोह्यावरून किंवा खोपोली-पेण-अलिबागवरून गाठता येतो. रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल झाल्यापासून होडीची गरज उरलेली नाही. डोंगराच्या पश्चिम अंगाला दीपगृह आहे आणि तिथूनच माथ्याकडे पायऱ्या जातात. बहुतेक पर्यटक दीपगृह पाहतात, चढतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परततात. या किल्ल्याची सर्वांत जिवंत गोष्ट मात्र माथ्यावर नाही, पायथ्याच्या गावात आहे.

१७४० मध्ये अंमलदार आणि श्रीमंत घराणी गोव्याला निघून गेली. शिपाई, कष्टकरी आणि शेतमजूर असलेली ख्रिस्ती कुटुंबे मागेच राहिली. त्यांचा धर्म आजूबाजूच्या हिंदू वस्तीपासून वेगळा, आणि त्यांची बोलीही. ती पोर्तुगीजमधून निघाली आणि मराठीच्या सहवासात वाढली; शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीकडे झुकलेली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. मराठीने स्वतः पोर्तुगीजकडून पाव, पगार, चावी, साबण, बटाटा असे कितीतरी शब्द घेतले. कोर्लईत व्यवहार उलट्या बाजूने झाला. गावात माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च आहे, त्याच्याभोवती ही वस्ती आहे. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे. मुले शाळेत मराठीत शिकतात, बाजारात मराठी बोलतात आणि घरी आल्यावर नो लिंग बोलतात.