तोंड, सांधे आणि मुंबईतला एक शोध

‘तोंड आलं’ की मराठी घरात पहिली आठवण होते ती बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीची. चार दिवस तिखट बंद, तोंडाला थोडे तूप, आणि विषय संपतो. पण आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचे तोंड येते, तेव्हा त्यामागे शंभर वर्षांचा वैद्यकीय इतिहास असतो, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडलेला आहे. मी डॉक्टर नाही. औषधांचा इतिहास वाचणे हा माझा नाद. मुलुंडला आमच्या ओळखीत या गोळ्या घेणाऱ्या चारदोन बायका आहेत. त्यांच्यापैकी एकीने विचारले, “दुखतात बोटं, मग डॉक्टर हिरड्या का बघतात?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा माग.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा म्हातारपणी गुडघे झिजण्याचा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली, तेव्हा दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार आढळला. उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालायचा तर ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. आणि तोंड हे तर शेकडो जातींच्या जंतूंचे बारमाही वसतिस्थान. पहारा ढिला केल्यावर तिथे काय होते, हा खरा प्रश्न.

दात आणि सांधे यांचे नाते जोडण्याची कल्पना मात्र या औषधांहून जुनी आहे. कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत शिकलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी 1890 साली तोंडातल्या जंतूंवर ग्रंथ लिहिला. 1900 साली लंडनच्या विल्यम हंटर यांनी अनेक रोगांचे खापर तोंडातल्या पुवावर फोडले. पुढे शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी 1912च्या सुमारास सिद्धान्तच मांडला : दाताच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग दूरच्या सांध्यात आजार पेटवतो. मग काय, सांधे दुखतात म्हणून इंग्लंड-अमेरिकेत लोकांचे दात काढण्याचा सपाटा सुरू झाला. चांगले दातही गेले. 1938 साली रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी आमवाताच्या दोनशे रुग्णांचा ताळेबंद मांडला. दात आणि टॉन्सिल काढून बहुतेकांना काहीच गुण आलेला नव्हता. सिद्धान्त बाजूला पडला, आणि त्याच्यासोबत तोंडाकडे पाहण्याची सवयही गेली.

हा दात उपटण्याचा जोर अजून ओसरायचा होता, त्याच काळात मुंबईत अगदी वेगळ्या कारणासाठी एक संशोधन चालू होते. त्याचा सांध्यांशी पुढे संबंध येईल असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरीब वस्तीतल्या, गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त भयंकर कमी होई आणि अनेकजणी त्यात दगावत. विल्सबाईंनी तळपदे यांच्या सोबतीने या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली; ती 1930 साली छापून आली. ताटात भाजी, फळे, मांस जवळपास नाहीच. त्याच धर्तीचा आहार प्राण्यांना देऊन त्यांनी प्रयोग केले, आणि बियर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ दिल्यावर रक्त भरते असे दाखवले. 1931 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अनामिक द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 साली पालकाच्या पानांतून जे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ज्याला पानावरूनच फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले, तेच हे.

यानंतरची कडी भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूने 1945 साली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. मग त्याच्यासारखेच दिसणारे पण त्याचे काम अडवणारे तोतये रेणू बनवले. 1948 साली सिडनी फार्बर यांनी त्यातला एक रेणू रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर वापरून दाखवला. मेथोट्रेक्सेट हा त्याच घराण्यातला. 1951 साली अशा औषधाने आमवातही उतरतो असे गुबनर यांनी नोंदवले, पण तेव्हा कॉर्टिझोनचा बोलबाला होता. अखेर 1988 साली अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अधिकृत मान्यता मिळाली. आज कांदिवलीत मुख्यालय असलेली इप्का कंपनी ‘फोलिट्रॅक्स’ नावाने हेच औषध विकते.

इथे तोंड येण्याचा उलगडा होतो. तोंडाच्या आतले अस्तर सतत नवे होत असते आणि त्याला फॉलिक ॲसिड लागते. औषध ते अडवते; अस्तर विरळ होते, फोड येतात, आणि जंतूंना वाट मिळते. काहींच्या जिभेवर बुरशीचा पांढरा थर धरतो. म्हणून डॉक्टर याच औषधासोबत, वेगळ्या दिवशी, फॉलिक ॲसिडची गोळी देतात. मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या आजारातून जे सापडले, तेच आज या रुग्णांचे तोंड सांभाळते.

जंतूंचा विषयही परत आला, पण वेगळ्या वाटेने. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘अँटी-सीसीपी’ नावाची जी तपासणी होते, तिचा पाया 1998 साली घातला गेला. आमवातात शरीर एका विशिष्ट तऱ्हेने बदललेल्या प्रथिनांना शत्रू मानते, हे त्यातून कळले. लगेच 1999 साली दिसले की हिरड्यांच्या रोगातला ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जंतू प्रथिनांत असाच बदल घडवू शकतो. 2015 साली चिनी संशोधकांनी रुग्णांच्या दातांवरचा थर, लाळ आणि विष्ठा तपासली. तिथली जंतूंची घडी निरोग्यांपेक्षा विस्कटलेली होती, आणि औषधोपचारानंतर ती काही अंशी पूर्ववत झाली. प्रतिकारशक्ती दाबली की जंतू माजणारच, या सरळ समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो. 2023 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळले की हिरड्यांचा रोग असलेल्या आमवाताच्या रुग्णांत तोंडातले जंतू वारंवार रक्तात शिरतात. म्हणजे हंटर-बिलिंग्ज यांना संबंध दिसला होता. चुकला तो उपाय.

आपल्याकडे याला आणखी पदर आहेत. उपनगरांतल्या जुन्या वस्त्यांत अजून मशेरी लावणाऱ्या बायका आहेत. भाजलेली तंबाखू रोज हिरड्यांवर घासली जाते. सकाळी बोटे आखडलेली असतात, ब्रशचा दांडा धरवत नाही. दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला तरी फरक पडतो. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना पर्समधली गोळ्यांची पट्टी दाखवली जात नाही, कारण ‘सांध्याच्या गोळ्यांचा दाताशी काय संबंध?’

एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जगभर रुग्ण दगावले आहेत, आणि अशा वेळी तोंडातले फोड ही बऱ्याचदा पहिली खूण असते. तेव्हा या औषधावर असलेल्या घरच्या माणसाचे तोंड आले, तर बी-कॉम्प्लेक्स देऊन वाट पाहू नका. आधी पट्टीतल्या गोळ्या मोजा, किती कमी झाल्या ते पाहा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.