पाणी घालणारा घरी नसताना: मडकं, बाटली आणि चहाची रोपं

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी सगळं तसंच आहे.

मे महिन्यात गावी जायचं ठरलं की दूधवाल्याला सांगून होतं, पेपर बंद करून होतो, गॅसचा नॉब दोनदा तपासून होतो. उरतात त्या बाल्कनीतल्या कुंड्या. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची? टबात पाणी भरून सगळ्या कुंड्या त्यात बसवायच्या? की बाजारात मिळते ती स्वतःच पाणी घेणारी कुंडी आणायची? म्हणजे खाली पाण्याचा साठा, वर माती आणि दोघांना जोडणारी एक वात. आज या वस्तूचा इतिहास बघू. तो ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा: झाडाला पाणी किती, हे नक्की ठरवतं कोण?

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. शंकराच्या पिंडीवर टांगलेली गळती तुम्ही पाहिली असेल. तांब्याचं अभिषेकपात्र, त्याला खाली बारीक भोक आणि त्यातून थेंब थेंब पडणारं पाणी. उन्हाळ्यात तुळशीवरही असं भोक पाडलेलं मडकं टांगायची पद्धत आहे. माणूस समोर नसला तरी पाणी पडत राहतं. पण इथे पाण्याचं प्रमाण ठरवतं ते भोक. माती कोरडी असो की चिखल झालेला असो, थेंब आपल्या चालीने पडतच राहणार. पिंडीला त्याने काही फरक पडत नाही, रोपाला मात्र पडतो.

आता चीनमध्ये जाऊ. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, हान राजवटीत, फॅन शेंगझी नावाच्या शेतीतज्ज्ञाने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण पुढे सहाव्या शतकातल्या एका मोठ्या शेतीग्रंथात त्यातले उतारे घेतले गेले आणि त्यामुळे तो काही अंशी वाचला. त्यात वेलवर्गीय फळांच्या लागवडीची एक रीत आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचं मडकं पुरायचं, तोंड जमिनीच्या पातळीला ठेवायचं. मडकं आजच्या मापाने साधारण ६ लिटरचं. ते पाण्याने भरायचं, चार बाजूंना एकेक बी लावायचं, तोंडावर खापरी झाकायची आणि पाणी कमी झालं की पुन्हा भरायचं. बस, एवढंच.

साधी वाटते ना ही रीत? पण यात एक फार मोठी गोष्ट आहे. भाजलेल्या, झिलई न केलेल्या मडक्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. म्हणूनच माठातलं पाणी गार होतं. असं मडकं मातीत पुरलं की भोवतालची कोरडी माती त्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ कमी होते आणि पाणी जवळजवळ थांबतं. मुळांनी पाणी प्यायलं, माती पुन्हा सुकली, की ओढ पुन्हा सुरू. म्हणजे मडकं पाणी ‘घालत’ नाही, ते फक्त पाणी ‘ठेवतं’. किती घ्यायचं ते माती आणि मुळं ठरवतात. गळती आणि पुरलेलं मडकं यांत हा फरक आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे.

इथून मी थेट एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला उडी मारतोय, कारण घरातल्या झाडांचा आजचा शौक बऱ्याच अंशी तिथे वाढला. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा एक डॉक्टर शहराच्या पूर्व भागात, गोदीजवळ राहायचा. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात झाडं, किडे, फुलपाखरं. त्याला आपल्या अंगणात नेचे लावायचे होते. पण कोळशाच्या धुरात ती नाजूक झाडं जगेनात.

१८२९ साली त्याने पतंगाचा एक कोष रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत, ओलसर मातीत ठेवला आणि वर झाकण लावलं. त्याला पतंग बाहेर येताना बघायचा होता. रोज बघताना त्याच्या लक्षात आलं की दिवसा ऊन तापलं की मातीतली वाफ वर जाते, काचेवर थेंब जमतात आणि ते ओघळून परत मातीत जातात. मग एक दिवस त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलं. अंगणात जे जगत नव्हतं, ते बाटलीत आपणहून उगवलं होतं.

वॉर्डने ती बाटली खिडकीबाहेर ठेवून दिली. जवळजवळ चार वर्षं ती झाडं पाण्याचा एक थेंबही न घालता जगली. मेली कशी, तेही त्याने लिहून ठेवलंय. तो बाहेरगावी असताना झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं. ऐकलंत ना? चार वर्षं पाणी न घालता जगलेली झाडं जास्त पाण्याने गेली.

आता त्या काळी समुद्रावरून झाडं नेणं किती अवघड होतं ते बघा. महिनोन्‌महिने प्रवास, खारे फवारे, आणि गोडं पाणी माणसांनाच मोजून. ‘बाउंटी’ या इंग्रजी जहाजावर ताहितीहून ब्रेडफ्रूटची हजाराहून जास्त रोपं चढवली, तेव्हा कप्तानाची मोठी खोलीच कुंड्यांसाठी दिली होती. तिच्या जमिनीवर शिशाचा पत्रा बसवला होता, म्हणजे कुंड्यांतून झिरपलेलं पाणी गोळा करून पुन्हा वापरता यावं. एवढं करूनही १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात गेली.

वॉर्डने बाटलीचीच मोठी आवृत्ती केली: लाकडी पेटी, वर उतरत्या छपरासारख्या काचा, सगळ्या फटी बंद. १८३३ मध्ये नेचे आणि गवतं भरलेल्या अशा दोन पेट्या त्याने ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपं सुखरूप पोहोचली. १८३४ च्या फेब्रुवारीत सिडनीहून तिथली रोपं भरून पेट्या परत निघाल्या. निघताना कडक उन्हाळा, केप हॉर्नला डेकवर बर्फ, मग विषुववृत्ताची भट्टी. आठ महिन्यांनी लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा आतली झाडं हिरवीगार होती. वाटेत एकदाही पाणी दिलं नव्हतं.

दिवाणखान्यांत मग या काचपेट्यांची फॅशनच आली. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली आणि नेच्यांचं वेड मध्यमवर्गात पसरलं. आज ज्याला आपण टेरॅरियम म्हणतो, ती याच पेटीची नात.

पण खरी उलथापालथ दिवाणखान्याबाहेर झाली, आणि इथे आपला संबंध येतो. चहावर तेव्हा चीनची मक्तेदारी होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाला तिकडे धाडलं. परक्यांना आतल्या मुलखात फिरायला बंदी होती, म्हणून तो चिनी वेश करून हिंडला. चहाच्या बियांची अडचण अशी की त्या फार दिवस टिकत नाहीत. मग त्याने युक्ती केली. पेटीत तुतीची रोपं लावली आणि मधल्या मातीत चहाच्या बिया पेरल्या. वाटेतच बिया उगवल्या. कलकत्त्याला पेट्या उघडल्या तेव्हा तुतीच्या पायाशी चहाची कोवळी रोपं उभी होती. ती पुढे हिमालयाच्या उतारांवर गेली. आसामात चहाची देशी जात आधीपासून होती, पण दार्जिलिंगच्या मळ्यांत चिनी जातच रुजली.

हिवतापावर औषध देणारा सिंकोनाही असाच दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आणला गेला. अर्थात पेटी म्हणजे जादू नव्हे. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमने आणलेली रोपं तांबड्या समुद्राच्या उष्म्याने होरपळली आणि शेवटी टिकली नाहीत. इतरांनी आणलेली मात्र जगली.

मला या पेटीचं कौतुक आहेच, पण ते आवरतं घ्यावं लागतं. एका डॉक्टरचा निरागस छंद वीस वर्षांच्या आत साम्राज्याचं हत्यार झाला. चीनच्या हातून बाजार गेला, इथे डोंगर साफ करून मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांत मजुरांचे जे हाल झाले, त्यांचा हिशोब कोणत्याच पेटीवर लिहिलेला नव्हता. शिवाय पेटीतल्या मातीबरोबर किडे, बुरशी आणि तणही देशोदेशी फिरले.

पुरलेल्या मडक्याचं काय झालं? ते विज्ञानाच्या वाटेने परत आलं. १९०८ मध्ये अमेरिकेत बर्टन लिव्हिंगस्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्रयोगातल्या कुंड्यांची ओल कायम सारखी ठेवायची होती. त्याने सच्छिद्र मातीचे पेले कुंडीत पुरले आणि नळीने पाण्याच्या साठ्याला जोडले. आज बाजारात मिळणारे मातीचे शंकू याच घराण्यातले. मग १९७० च्या दशकात हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी मडक्याने भाजीपाला पिकवण्याचे प्रयोग केले आणि त्यावर लिहिलं. पाणी कमी किंवा खारट असलेल्या जमिनीत ही रीत उपयोगी पडते. आपल्याकडेही दुष्काळी भागात नवी झाडं जगवायला मटका सिंचन करतात, ते हेच.

आता वळू आपल्या बाल्कनीकडे. वातीची कुंडी म्हणजे समईचंच तत्त्व. समईत वात तेल वर ओढते, इथे सुती दोरी पाणी ओढते. ज्योत जळते तेवढंच तेल चढतं, तसं माती सुकते तेवढंच पाणी चढतं. गावी जायच्या आधी छोटं, झिलई नसलेलं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. मडक्याला बाहेरून ऑइलपेंट नको, छिद्रं बुजतात. निवडुंग किंवा कोरफड असेल तर यातलं काहीच करू नका, ती कोरडीच बरी. आणि निघायच्या आठवडाभर आधी लावून बघा, म्हणजे किती दिवस पुरतं ते कळेल.

मघाचा प्रश्न आठवतोय? पाणी किती, हे ठरवतं कोण? घरातली झाडं अनेकदा आपल्या विसरण्यापेक्षा आपल्या मायेने मरतात. दिसली कुंडी की ओत तांब्याभर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मडक्याने हा निर्णय माणसाच्या हातून काढून मुळांकडे दिला. माणसाकडे एवढंच काम ठेवलं: मडकं रिकामं राहू द्यायचं नाही.

तुमच्या घरी, गावी झाडांना पाणी द्यायची अशी एखादी जुनी युक्ती असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, कुंडीत बोट घालून माती ओली आहे का बघा आणि मगच तांब्या उचला!