ध चा मा

आम्ही पनवेल तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. कागदात कुणी फेरफार केला की आपण लगेच म्हणतो, ‘हिनं ध चा मा केला.’ हे बोलणं आलं कुठून?

गोष्ट पुण्याच्या शनिवारवाड्यातली. थोरले माधवराव १७७२ साली वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव वाड्यातच कैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, गारदी वाड्यात घुसले आणि त्यांनी नारायणरावांना ठार मारलं. वय अवघं अठरा.

सांगतात ते असं. रघुनाथरावांनी गारद्यांना लिहून दिलं होतं, नारायणरावांना ‘धरावे’. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ध खोडून मा केला आणि झालं ‘मारावे’. ग्रँट डफ या स्कॉटिश माणसानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही ही हकिगत आहे. पण अक्षर आनंदीबाईंनीच बदललं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोषी धरलं ते रघुनाथरावांना. तरी अडीचशे वर्षं बोलण्यात नाव राहिलं बाईचंच.

हे आम्हाला का सांगावंसं वाटलं? आमच्या एका गटाच्या वहीत १०० चे ७०० केलेले दिसले. सगळ्यांनी सचिवताईंकडं बोट दाखवलं. ‘ध चा मा’ असं तोंडावर म्हटलं. ताई दोन बैठकांना आल्याच नाहीत. मग आम्ही बँकेचं पासबुक आणि त्या सभासद बाईचं पासबुक शेजारी ठेवून पाहिलं. हप्ता ७०० चाच होता. ताईंनी आपलीच चूक सुधारली होती, फक्त आकड्यावर आकडा गिरवून. आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली.

तेव्हापासून आमचा नियम आहे. आकडा चुकला तर गिरवायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहायची, दोघींनी सही करायची. बैठक संपण्याआधी वही मोठ्यानं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही मग हिशेब कळतो.

आणि दुसरा नियम, कागद तपासल्याशिवाय कुणा बाईला आनंदीबाई म्हणायचं नाही. तुमच्या गटातही आज वही उघडून बघा.