ड्रायव्हर अनलोड करणे (काढघालीची उपकरणे)

पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, डिजिटल सहीचे टोकन, सॉफ्टवेअरचे लॉक यांसारखे उपकरण चालू संगणकातून काढल्यावर त्याचा ड्रायव्हर मेमरीतून उतरवणे. रोजच्या वापरात हे हाताने करण्याची वेळ क्वचितच येते. उपकरण काढण्याआधी करायचे असते ते ‘इजेक्ट’, आणि त्याचा संबंध ड्रायव्हरपेक्षा माहितीशी अधिक आहे.

ड्रायव्हर मेमरीत राहणे आणि उतरणे यातला फरक गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांना लॉकमुळे कळला असेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक येई; ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. जुनी लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत. तिथे काही लावले वा काढले, तरी संगणकाला त्याची वर्दी मिळण्याची सोय नव्हती. साहजिकच ड्रायव्हर संगणक सुरू होताना चढे आणि बंद होईपर्यंत बसून राही. १९९६मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले, पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) दुकानांत यूएसबी लॉक आणि पेनड्राइव्ह दिसू लागले, आणि उपकरण गेल्याची वर्दी संगणकाला मिळू लागली. मग ड्रायव्हर तरी कशाला ठेवायचा, हा प्रश्न उभा राहिला.

विंडोजने तो स्वतःकडे घेतला. त्या ड्रायव्हरचे शेवटचे उपकरण गेले की यंत्रणा ड्रायव्हरला मेमरीतून उतरवते. डिस्कवरची फाइल जागेवर राहते, म्हणून तेच उपकरण पुन्हा लावले की सीडी शोधावी लागत नाही.

लिनक्सने मात्र मत बदलले. २.० आवृत्तीच्या काळात (१९९६) ‘कर्नलडी’ नावाचा कार्यक्रम रिकामे बसलेले मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, हवे तेव्हा जोडता येणारा ड्रायव्हर) मिनिटभराने आपोआप काढून टाकी. २.२मध्ये तो गेला आणि सफाईचे काम ठरावीक वेळाने चालणाऱ्या आज्ञेवर सोपवले गेले. आता उपकरण काढल्यावर ड्रायव्हरला फक्त ‘ते गेले’ असे कळवले जाते. ड्रायव्हर त्या उपकरणाचा हिशेब मिटवतो आणि स्वतः मेमरीतच थांबतो. हाच शहाणपणा म्हणायचा. पाच मिनिटांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह येणार असतो, आणि तोही बहुधा याच ड्रायव्हरवर चालतो.

उतरवण्यात धोकाही आहे. ड्रायव्हर म्हणजे मेमरीतला कोड. तो काढल्यानंतर एखादा टायमर किंवा अर्धवट राहिलेले काम त्याच पत्त्यावर परत आले, तर तिथे काहीच नसते आणि अख्खी यंत्रणा कोसळू शकते. म्हणून लिनक्सचे कर्नल प्रत्येक मॉड्यूल किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी ठेवते. ती शून्यावर आली नसेल, तर ‘आरएममॉड’ ही आज्ञा नकार देते. जबरदस्तीने काढण्याचा पर्याय आहे, पण तो न वापरलेला बरा. एवढे करून वाचणार काय? पेनड्राइव्हच्या ड्रायव्हरपुरते बोलायचे, तर शंभरेक किलोबाइट. कर्नलमध्येच बांधलेला ड्रायव्हर तर उतरवताही येत नाही.

तरीही काही वेळा अनलोड करणेच योग्य ठरते. ड्रायव्हरची नवी आवृत्ती चढवायची असते, अडकलेले उपकरण काढून लावूनही शुद्धीवर येत नाही, किंवा एकाच उपकरणावर दोन सॉफ्टवेअर हक्क सांगतात. यूएसबी टीव्ही ट्यूनर रेडिओ रिसीव्हर म्हणून वापरणाऱ्यांना टीव्हीचा ड्रायव्हर पुष्कळदा आधी उतरवावा लागतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत दोन कंपन्यांची डिजिटल सहीची टोकन एका संगणकावर भांडू लागली, तर दोष पुष्कळदा ड्रायव्हरच्या वर बसलेल्या सॉफ्टवेअरचा असतो. आधी ते बंद करून पाहावे.

आता इजेक्टबद्दल. फाइल बिघडते ती ड्रायव्हर राहिल्यामुळे नव्हे, लिहिणे पुरे होण्याआधी उपकरण ओढल्यामुळे. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून (२०१८) ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे, म्हणजे लिहायची माहिती मेमरीत साठवून ठेवली जात नाही. लालबाग-परळच्या मंडळांचे बॅनर पेनड्राइव्हवर छापखान्यात नेणाऱ्यांनी मात्र कॉपी पुरी झाल्याशिवाय आणि इजेक्ट केल्याशिवाय तो काढू नये.