अण्णांचं कपाट आणि एक बिननावाची कॅसेट

इथे बरेच जण आपापल्या जुन्या घरांबद्दल लिहितात, म्हणून आमच्या इंदूरच्या घरातल्या एका कपाटाबद्दल लिहितो.

रामबागेतल्या घरी अण्णांचं लोखंडी कपाट आहे. त्यात ४०० च्या वर कॅसेटी, खालच्या खणात सात इंची स्पुलं. सगळं मैफलींतलं गाणं, दुकानातून घेतलेलं एकही नाही. अण्णा सरकारी खात्यात कारकून होते, पण शहरात कुठेही बैठक असली की खांद्याला टेपरेकॉर्डर लावून हजर.

हे वेड त्यांचं एकट्याचं नव्हतं. उस्ताद अमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे. वडील होळकर दरबारात सारंगिये. खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्याला अपघातात गेले, तेव्हा मारवा-दरबारीसारख्या मोजक्याच तबकड्या मागे होत्या. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्यांचा विलंबित ख्याल तेवढ्यात नीट उलगडायचासुद्धा नाही. पुढच्या पिढीला ते खरे भेटले ते रेडिओवरून आणि कुणाकुणाच्या घरच्या टेपांतून. देवासला कुमारजी होतेच, तिथलीही गाणी अशीच घरोघर पोचली.

देवाणघेवाणीची रीत ठरलेली होती. कोरी कॅसेट तुम्ही आणायची, जेल रोडवरून, शक्यतो टीडीकेची सी-९०. दोन डेक जोडून अण्णा रात्री प्रत काढून देत. पैसे नाहीत, बदल्यात तुमच्याकडची एखादी मैफल. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, कुठकुठून पोस्टाने पुडकी यायची. प्रतीची प्रत निघत जाई तशी खरखर वाढे, आणि एखाद्याचं मशीन जलद चाललं की काळी दोनचा गवई पांढरी तीनमध्ये गायला लागे. कुठल्या मात्रेवर कोण खोकला, त्यावरून अण्णा टेपेचं घराणं सांगत! पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पलटताना जी तान गेली ती सगळ्यांचीच गेली. माझा एक मामेभाऊ तो राग अजून त्या खड्ड्यासकट गुणगुणतो.

मग कुणीतरी याद्या छापून भाव लावले. अण्णांनी फुकट दिलेली एक मैफल रंगीत वेष्टनात परत त्यांच्याच हाती आली, तीही विकत. खोकला तोच. वेष्टनावर तबलजीचं नाव नव्हतं, पेटीवाल्याचंही नाही. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. पण खरं सांगायचं तर, त्यांच्या स्वतःच्या लेबलांवरही तबलजीचं नाव क्वचितच असे.

कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कवीला, संगीतकाराला हक्क होता, गाणाऱ्याला नव्हता. १९७७ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही उणीव बोलूनही दाखवली. दुरुस्ती आली १९९४ साली, लागू झाली मे १९९५ मध्ये. कलाकाराचा हक्क आधी २५ वर्षं, १९९९ च्या दुरुस्तीनंतर ५०. साथीदारही त्यात आले. स्वतः ऐकायला किंवा शिकवण्यासाठी, अभ्यासासाठी टेप केलं तर चालतं, प्रती काढून विकणं चालत नाही. म्हणजे अण्णांची बरीचशी टेप झाली तेव्हा गायकाच्या हाती कायदा नव्हताच. त्याच्या हाती होता फक्त शब्द, ‘मशीन बंद करा’ एवढा.

आणि तिथेच माझी अडचण आहे. अण्णा गेल्यावर एक संग्राहक आले, सगळ्या कपाटाचे पैसे द्यायला तयार. मोजदाद करताना एक कॅसेट निघाली. वर फक्त १९८१ ची तारीख, नाव नाही. लावली. सुरुवातीलाच गवई म्हणतात, “टेप नको बरं का आज.” अण्णांचा आवाज: “नाही नाही, बंद आहे.” आणि पुढे दीड तास गाणं.

अण्णांनी ती कधी कुणाला दिली नव्हती. आमच्यासमोरही लावली नव्हती.

संग्राहकांना मी नाही म्हटलं आणि ती कॅसेट घेऊन त्या गवयांच्या मुलीकडे गेलो. आता सत्तरीच्या आहेत. दहा मिनिटं ऐकून म्हणाल्या, “बाबांचा घसा बसला होता त्या आठवड्यात. म्हणून नको म्हणाले असतील.” आणि मग, “थांबा, बंद नका करू.” पूर्ण ऐकली. एकदा डोळे पुसले. निघताना कॅसेट माझ्या हातात परत दिली. “माझ्याकडे वाजवायला मशीन नाही. तुमच्याकडेच राहू दे. पण प्रत कुणाला देऊ नका हं. आणि मी आले की लावा.”

दिवाळीनंतर त्या दोनदा येऊन गेल्या. बाकीचं कपाट उघडं आहे. इंदूरला आलात तर या, पोहे खा, हवं ते ऐका. ती एक सोडून.