घोणशीचे विष आणि गर्भारपणातले रक्त

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या शेतात राबणाऱ्यांना घोणस ओळखावी लागते. ती चावली की पुष्कळदा हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते आणि थांबत नाही. दवाखान्यात अशा रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष द्यायचे.

विशेष म्हणजे हे विष मुळात रक्त साकळवणारे आहे. गुठळीचा कच्चा माल म्हणजे फायब्रिनोजेन हे प्रथिन. विषामुळे ते शरीरभर खर्ची पडते आणि जखमेवर गुठळी धरायला काही उरत नाही. गर्भारपणातही असे घडू शकते. बाळंत होण्याआधीच वार सुटली, तर वारेतील साकळवणारे पदार्थ आईच्या रक्तात शिरतात, फायब्रिनोजेन संपते आणि रक्तस्राव आवरत नाही. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी १९०१ साली अशा एका रुग्णाची नोंद केली होती.

घोणशीला इंग्रजीत पॅट्रिक रसेल यांचे नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या या निसर्गतज्ज्ञाचा भारतीय सापांवरील ग्रंथ १७९६ साली निघाला. पुढे १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी निरनिराळ्या सापांची विषे रक्तात मिसळून पाहिली. घोणशीचे विष अतिशय विरल केले तरी हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त झटकन साकळले. हे विष साकळण्याच्या साखळीतील दहाव्या घटकाला थेट चालना देते, आधीच्या पायऱ्या गाळून, हे नंतर कळले.

आता दुसरा धागा पाहू. १९५२ साली अमेरिकेत कॉन्ली आणि हार्टमन यांना ल्यूपस या आजाराच्या दोन रुग्णांचे रक्त नळीत उशिरा साकळताना दिसले. पुढे असेच रक्त असलेले आणखी रुग्ण सापडत गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना रक्तस्राव होत नव्हता. उलट काहींच्या शिरांत गुठळ्या होत होत्या, तर काही स्त्रियांचे गर्भ वारंवार पडत होते किंवा पोटातच दगावत होते. १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूजेस यांनी ही लक्षणे एकत्र मांडली.

नळीत उशीर आणि शरीरात घाई, हे कसे? साकळण्याच्या काही पायऱ्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या पृष्ठभागावर घडतात. या रुग्णांची प्रतिपिंडे त्या पृष्ठभागाशी जोडलेल्या प्रथिनांना चिकटतात. नळीत त्यामुळे पृष्ठभाग अडतो. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि वारेच्या पेशी यांना चिथावतात आणि वारेचे काम बिघडवतात.

ही प्रतिपिंडे ओळखायला घोणस उपयोगी पडली. १९८६ साली थियागराजन आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. रक्तद्रवात विरल विष आणि अगदी थोडे फॉस्फोलिपिड घालून वेळ मोजायची. वेळ लांबली तर फॉस्फोलिपिड वाढवून पुन्हा पाहायचे. वेळ भरून निघाली, तर दोष प्रतिपिंडांचा. निदान पक्के करण्यासाठी किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. आजही ही चाचणी जगभर वापरात आहे.

निदानाला उपचाराची जोड मिळाली. १९९७ साली लंडनमध्ये वारंवार गर्भपात झालेल्या ९० स्त्रियांचे दोन गट केले. नुसते ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींना जिवंत मूल झाले. ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी ३२ जणींना झाले. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, म्हणून ते गर्भारपणात चालते. अर्थात ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

प्रत्येक गर्भपातामागे हेच कारण असते असे नाही. अनेक गर्भ गुणसूत्रांतील दोषामुळे टिकत नाहीत. पण मूल टिकले नाही की आपल्याकडे बोट आधी सुनेकडे जाते. पायगुण, नजर, उपासातली चूक, काय वाटेल ते काढले जाते. नववी-दहावीच्या वर्गात रक्ताचा धडा शिकवताना ही हकीकत जरूर सांगावी. त्या वर्गातली काही मुले-मुली दहा वर्षांनी अशाच घरात असतील. तेव्हा अंगारा आणण्याऐवजी रक्त तपासायला चला, असे म्हणणारे कोणीतरी तिथे हवे.